काळ्या फ्लुइडची वकिली पुरे

‘ब्रेकचं ऑइल बदलायचं, ते ठीक. पण क्लचचं कशाला? तो काय ब्रेक आहे?’

मोठ्या मोटरसायकली बाळगणाऱ्या मंडळींत हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्यावर कुणी वादच घालत नाही. लोणावळ्याच्या टपरीवर चहा पिताना अनुभवी रायडर ते सांगतो, गॅरेजमधला मेकॅनिक त्याला दुजोरा देतो आणि पहिली मोठी गाडी घेतलेला तरुण ते प्रमाण मानून घरी जातो. सोबत आणखी काही कारणं ठरलेली असतात. क्लच तापत नाही, सिस्टिम सीलबंद असते, डबीतली पातळी बरोबर आहे, गाडी फिरतेच किती, आणि सर्व्हिसवाल्यांना बिल फुगवायला काहीतरी लागतंच. यातली काही कारणं अर्धवट खरी आहेत, काही साफ खोटी आहेत, आणि सगळी मिळून माणसाला धोक्यात घालणारी आहेत. म्हणून प्रत्येकाला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

आपल्याकडच्या बहुतेक दुचाकींच्या क्लचला केबल असते. स्प्लेंडरवाल्याला किंवा बुलेटवाल्याला या वादाशी देणंघेणं नाही. वाद आहे तो हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांचा: सुझुकीची हायाबुसा, कावासाकीची निन्जा एच२, बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस, डुकाटीची मल्टिस्ट्राडा, हार्ले डेव्हिडसनच्या २०१४ नंतरच्या अनेक टूरिंग गाड्या. यांच्या डाव्या हँडलवर मास्टर सिलिंडर असतो आणि त्याला लागून फ्लुइडची छोटी डबी. लिव्हर दाबली की मास्टरचा पिस्टन फ्लुइड रेटतो, तो दाब नळीतून इंजिनपाशी बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो, स्लेव्हचा पिस्टन पुशरॉड ढकलतो आणि क्लच सुटतो. एका दाबात सरकणारं फ्लुइड साधारण एक-दीड मिलिलिटर. सव्वादोनशे किलोहून जड गाडीचं इंजिन चाकापासून सोडवायचं काम एवढ्याशा थेंबांवर सोपवलेलं असतं. ते थेंब कशा अवस्थेत आहेत, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

पहिलं कारण तापमानाचं. ‘ब्रेकचं फ्लुइड उकळतं, क्लचचं कुठे उकळतं?’ इथपर्यंत मला मान्य आहे. घाट उतरताना ब्रेकच्या कॅलिपरला जी उष्णता सोसावी लागते, ती क्लचच्या वाट्याला येत नाही. ताज्या, कोरड्या डॉट ४ फ्लुइडचा (ब्रेकसारखंच बहुतेक हायड्रॉलिक क्लचमध्येही तेच असतं) उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओल शोषलेल्याचा किमान १५५ अंश असावा, अशी अट अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक ११६ मध्ये आहे. रोजच्या वापरात स्लेव्ह सिलिंडर या आकड्यांच्या बराच खाली राहतो. पण फ्लुइड उकळणं हा ओलीमुळे होणाऱ्या नुकसानाचा फक्त एक प्रकार आहे. दुसरा प्रकार गुपचूप चालतो आणि त्याला उकळीची गरजच नसते.

डॉट ४ हे मुख्यतः ग्लायकॉल ईथर आणि त्याच्या बोरेट संयुगांचं मिश्रण. हवेतली ओल ओढून घेणं हा त्याचा स्वभाव. गंज रोखणारी रसायनं त्यात कारखान्यातच घातलेली असतात आणि ती काळानुसार खर्च होत जातात. ती कमी पडली की ओल सिलिंडरच्या धातूला लागते, आतल्या गुळगुळीत भिंतीवर बारीक खड्डे पडतात आणि पिस्टनवरच्या रबरी सीलची धार प्रत्येक दाबाला त्या खड्ड्यांवरून घासली जाते. रबराचे कण, ॲल्युमिनियमची पूड, सगळं फ्लुइडमध्ये मिसळतं आणि पुढच्या दाबाला तेच कण सीलला आणखी खरवडतात. इंजिनच्या अंगाला चिकटून बसलेल्या स्लेव्हला जेवढी उष्णता मिळते, तेवढी या कामाला पुरेशी आहे. बऱ्याच गाड्यांत तर स्लेव्ह पुढच्या स्प्रॉकेटच्या शेजारी असतो. चेनचं तेल, चिखल, वाळू यांचा लेप त्याच्यावर बाहेरूनही बसतो आणि धूळ अडवणारं रबर एकदा चिरलं की हा राडा पिस्टनच्या कडेपर्यंत जातो.

दुसरं कारण सीलबंद असल्याचं. ‘बंद सिस्टिममध्ये ओल शिरणार कुठून?’ असं विचारणाऱ्याने डबीचं झाकण एकदा स्वतः उघडून बघावं. झाकणाखाली घड्यांचा रबरी पडदा असतो. फ्लुइडची पातळी खाली-वर होते तशा त्याच्या घड्या उलगडतात आणि मिटतात. पडद्याच्या वरच्या अंगाला बाहेरच्या हवेची ये-जा चालू असते आणि तशी वाट मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर पातळी उतरल्यावर डबीत पोकळी धरली असती. हा पडदा, नळीचं रबर, सिलिंडरची सीलं या सगळ्यांतून ओल अगदी हळू, पण न थांबता आत जाते. शिवाय आपल्या हाताने आत घातलेली ओल वेगळीच. अर्धी वापरलेली बाटली बूच सैल ठेवून गॅरेजच्या फळीवर महिनोन्महिने पडून राहते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत ‘नवं ऑइल’ म्हणून तीच ओतली जाते. उघडून बराच काळ लोटलेली बाटली टाकून द्यावी. त्यात वाचवलेले पैसे गिऱ्हाइकाच्या सिलिंडरमधून वसूल होतात.

तिसरं कारण पातळीचं, आणि ते मला सगळ्यात फसवं वाटतं, कारण ते ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं. ‘डबीतली पातळी बरोबर आहे, म्हणजे गळती नाही, म्हणजे सगळं ठीक.’ ब्रेकचा अनुभव इथे लागू पडत नाही. ब्रेकचे पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे येतो आणि डबीतली पातळी उतरते. पुशरॉडच्या क्लचमध्ये हे उलटं घडतं. प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट आत सरकते, पुशरॉड मागे येतो, स्लेव्हच्या पिस्टनला मागे रेटतो आणि तिथलं फ्लुइड वर डबीत जातं. म्हणजे झिजेने पातळी चढायला हवी. यातून दोन गोष्टी निघतात. अशा क्लचच्या डबीतली पातळी उतरली तर तिला झिजेचं निमित्त देता येत नाही, कुठेतरी गळती आहे असंच समजायचं. आणि पातळी जागच्या जागी दिसत असेल तर झिजेने चढलेलं आणि गळतीने उतरलेलं एकमेकांना झाकत असण्याचीही शक्यता आहे. गळालेलं फ्लुइड स्प्रॉकेटच्या कव्हरमागे चेनच्या काळ्या तेलात मिसळून जातं, कुणाच्या नजरेला पडत नाही. अशा वेळी पातळी उतरलेली पाहून नुसतं वरून भरणारा माणूस दुखणं लपवायला मदत करतो.

आता वरवरच्या उपायाकडे येऊ. फ्लुइड काळं झालं हे मान्य केल्यावरही पुष्कळ ठिकाणी होतं काय, तर सिरिंजने डबीतलं काळं पाणी ओढून काढायचं, नवं भरायचं, झाकण लावायचं. दिसायला काम झालं. पण नळीत मावणारं फ्लुइड एका दाबात सरकणाऱ्या फ्लुइडच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे वरचं नवं फ्लुइड आपोआप खाली जात नाही आणि खालचं वर येत नाही, लिव्हरबरोबर ते जागच्या जागी पुढे-मागे हलतं. स्लेव्हमधला गाळ तिथेच राहतो. माठाच्या तळाला शेवाळ धरलेलं असताना वरून ताजं पाणी ओतण्यासारखं हे आहे. स्लेव्हवरचा हवा काढायचा निप्पल सैल करून, लिव्हर दाबत, खालून स्वच्छ फ्लुइड येईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत जुनं बाहेर काढणं, हाच फ्लुइड बदलण्याचा अर्थ आहे. बाकी सगळी रंगरंगोटी.

त्यातही ‘ऑइल ते ऑइल, कुठलंही चालतं’ म्हणणाऱ्यांपासून जपायला हवं. केटीएमच्या जुन्या ९५० आणि ९९० ॲडव्हेंचरवरचा मागुरा क्लच खनिज तेलावर चालतो, डॉट ४ वर नाही. डॉट ४ साठी बनवलेल्या रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं, आणि खनिज तेलाच्या क्लचमध्ये डॉट ४ घातलं तरी तिथली सीलं बिघडतात. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नसतं. कुठलं घालायचं ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते वाचायला लागणारं अर्धं मिनिट न देणं हे कौशल्य नव्हे. चुकीचं फ्लुइड हीसुद्धा भेसळच, आणि तीही पोटात गेल्यावर नुसतं धुऊन निघत नाही. आतलं सगळं रबर बदलावं लागतं.

‘काळं झालं तर झालं, रंगाने काय होतं?’ या प्रश्नाला मी थोडी जागा देतो, कारण त्यात तथ्याचा एक अंश आहे. काही गाड्यांत नवं फ्लुइडही काही महिन्यांत तपकिरी होतं आणि क्लच तरीही व्यवस्थित चालतो. रंग हा एकटा पुरावा पुरेसा नाही. पण रंग कशाने आला हे शोधण्याचा कंटाळा म्हणजे रंग निरुपद्रवी असल्याचा पुरावा नव्हे. फ्लुइडमध्ये तरंगणारं काळं म्हणजे बहुतेक वेळा आतलं रबर आणि धातू. ते कुठून तरी निघालेलं असतं आणि कुठे तरी जाऊन बसणार असतं. कुठे बसतं, ते मी पाहिलं आहे.

ओळखीतल्या एका तरुणाने पुण्यात सेकंड-हँड जपानी सुपरबाइक घेतली. थंड असताना गाडी उत्तम. अर्धा-पाऊण तास चालवली की क्लच स्लिप व्हायचा: थ्रॉटल दिला की आरपीएम चढायचे, वेग तिथेच. एका नावाजलेल्या गॅरेजने क्लच प्लेटांचा नवा सेट टाकला. फरक पडला नाही. दुसऱ्या गॅरेजने स्प्रिंगा बदलल्या. तरीही तेच. शेवटी गाडी एका गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींकडे आली. त्यांनी गाडी आधी तापवून आणायला सांगितली, स्लिप होतोय याची खात्री केली आणि स्लेव्हचा निप्पल जरासा सैल केला. दाबाने चिळकांडी उडाली. लिव्हरला कुणाचा हातही लागलेला नव्हता. निप्पल आवळून गाडी पुन्हा फिरवून आणली, तर क्लच पहिल्यासारखा पकड धरत होता. मग त्यांनी डबीचं झाकण काढलं, चहासारखं फ्लुइड ओढून घेतलं आणि तळ दाखवला. तळाला हिरवट-काळा, चिकट साका बसला होता. तिथे दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढं. बारीक भोक दिसतच नव्हतं. फ्लुइड तापून फुगलं की या भोकातून ते परत डबीत यायला हवं. वाट बुजल्यामुळे दाब आतच कोंडत होता आणि लिव्हर सोडलेली असतानाही क्लच अर्धवट सुटलेला राहत होता. मिस्त्रींनी गिटारची सर्वांत बारीक तार त्या भोकातून फिरवली, मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही उघडून धुतले, किट टाकली, नवं फ्लुइड भरून एअर काढली. गाडी दुरुस्त झाली. जुना प्लेटांचा सेट मात्र वाया गेलेला होता, आणि नवा स्लिप होऊन होऊन भाजला होता.

रंगाने काय होतं, याचं हे उत्तर आहे.

आता ‘माझी गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच फिरते’ हे कारण. हायाबुसाच्या देखभालीच्या वेळापत्रकात क्लच फ्लुइड दर २ वर्षांनी आणि क्लचची नळी दर ४ वर्षांनी बदलायला सांगितलेली आहे. कावासाकीही आपल्या हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांना फ्लुइडसाठी २ वर्षांचीच मुदत देते. मुदत वर्षांत दिली आहे, कारण ओल किलोमीटर मोजत नाही. आपल्याकडे तर कमी फिरणाऱ्या गाडीचे हाल जास्त. मुंबईत, रत्नागिरीत, गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीचिंब असते आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत या महागड्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या असतात. पिस्टन एकाच जागी थांबलेला, सीलची कड एकाच रेषेवर टेकलेली, आत जुनं फ्लुइड. पावसाळा संपल्यावर पहिल्याच दिवशी लिव्हर मऊ लागते किंवा स्लेव्ह गळायला लागतो, आणि मालक म्हणतो, ‘चालवलीच नाही, तरी बिघडली कशी?’ चालवली नाही आणि फ्लुइडही बदललं नाही, म्हणून बिघडली.

सगळ्यात गंभीर मुद्दा मी मागे ठेवला आहे. ‘ब्रेक गेला तर जीव जातो. क्लच गेला तर फार तर गाडी ढकलावी लागते.’ हे म्हणणाऱ्याने सिग्नलचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, लिव्हर दाबून धरलेली, समोरून माणसं रस्ता ओलांडताहेत. मास्टरचं सील खरवडलेलं असेल तर दाबून धरलेल्या लिव्हरमागचं फ्लुइड सीलच्या कडेवरून मागे झिरपतं, दाब उतरत जातो आणि क्लच आपोआप लागायला लागतो. गाडी सरकते, कधी झेपावते. घाटातल्या चढावर, मागे एसटी आणि पुढे ट्रक असताना न्यूट्रल न लागणं हीसुद्धा गंमत नव्हे. आणि अचानक थांबायची वेळ आली की न सुटलेला क्लच इंजिनाला चाकाशी बांधून ठेवतो, म्हणजे ब्रेक लावणाऱ्या माणसाविरुद्ध त्याचीच गाडी जोर लावते.

वाहन उद्योगालाही हे चांगलं ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्ले डेव्हिडसनने जगभरातल्या सुमारे २ लाख ३८ हजार मोटरसायकली परत बोलावल्या. कारण हायड्रॉलिक क्लचच्या खालच्या सिलिंडरमधली गळती आणि त्यामुळे क्लच न सुटण्याचा धोका. तो दोष सुट्या भागाचा होता, मालकांच्या हलगर्जीपणाचा नव्हता. पण क्लच न सुटणं हा अपघाताचा धोका आहे, हे एवढा खर्च अंगावर घेऊन एका कंपनीने मान्य केलं, हे विसरून कसं चालेल? त्याच वर्षी फेब्रुवारीत याच कंपनीने अमेरिकेत २००८ ते २०११ सालच्या एबीएस असलेल्या सुमारे पावणेदोन लाख मोटरसायकली ब्रेकसाठी परत बोलावल्या. तिथल्या सरकारी वाहन सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये चौकशी सुरू केली होती. निष्पन्न झालं ते असं: डॉट ४ फ्लुइड २ वर्षांच्या मुदतीनंतरही दीर्घकाळ न बदलल्यास आतल्या भागांवर साका बसतो आणि ब्रेक निकामी होऊ शकतो. हे प्रकरण ब्रेकचं असलं तरी फ्लुइड तेच, मुदत तीच आणि माणसांची सवयही तीच. मुदत कागदावर असते आणि लोक ती पाळत नाहीत, ही गोष्ट तिथे अपवाद नव्हती आणि इथेही नाही.

राहिला बिलाचा आरोप. सर्व्हिस सेंटर नको ती कामं माथी मारतात, ही तक्रार रास्त आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण क्लच फ्लुइड हे त्याचं उदाहरण नाही. फ्लुइडची बाटली काहीशे रुपयांची आणि काम अर्ध्या-पाऊण तासाचं. त्याउलट मास्टर-स्लेव्हच्या किटा, खड्डे पडलेला सिलिंडर, भाजलेल्या प्लेटा यांचा खर्च हजारांत जातो आणि परदेशी गाडीचा भाग यायला आठवडे लागतात. पैसे काढण्याचा धंदाच करायचा असेल तर फ्लुइड न बदललेली गाडी गॅरेजला जास्त फायद्याची आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. बिलावर ‘क्लच फ्लुइड: तपासलं’ असं लिहिलं जातं आणि तपासणं म्हणजे डबीच्या काचेकडे नजर टाकणं. या खोट्या नोंदीवर ग्राहकाने चिडायला हवं. तो चिडतो मात्र खऱ्या कामाच्या खर्चावर.

छोट्या गॅरेजच्या मेकॅनिकना मी दोष देत नाही. त्यांनी आयुष्यभर केबलचे क्लच उत्तम जमवले आणि गिऱ्हाइकाने ‘राहू दे, चालतंय ना’ म्हटल्यावर ते हट्ट कशाला धरतील? ‘चालतंय ना’ हे वाक्य मालकाच्या तोंडून निघतं आणि त्याची जबाबदारीही मालकाचीच आहे. लिव्हर हँडलच्या जवळ येऊन पकड धरायला लागली, थांबल्यावर न्यूट्रल सापडेना, पहिला गिअर खाड्कन पडायला लागला, की गाडीने सांगायचं ते सांगून झालेलं असतं. त्यानंतर ती चालते, ती केवळ आणखी महाग होण्यासाठी.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. हायड्रॉलिक क्लचचं फ्लुइड २ वर्षांतून एकदा खालच्या निप्पलमधून पूर्ण काढून बदला, बाटली आपल्यासमोर फोडायला सांगा, काढलेलं जुनं फ्लुइड बघायला मागा आणि तारीख सर्व्हिस बुकात लिहून घ्या. सेकंड-हँड गाडी घेत असाल तर विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता पहिल्याच आठवड्यात हे काम उरका. तारीख लक्षात राहत नसेल तर आपल्याकडे सोयीचा दिवस आहे. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, पूजा करतो. पावसाळ्याची ओलही तेव्हाच सरत आलेली असते. एका दसऱ्याआड, हार घालण्याआधी, क्लचचं आणि ब्रेकचं दोन्ही फ्लुइड बदलून घ्या. ज्या यंत्राची पूजा करायची, त्याची निगा राखणं हा त्या पूजेचाच भाग आहे, आणि त्या निगेवर आपल्याबरोबर रस्त्यावरच्या इतरांचाही जीव अवलंबून आहे.